पंधरा माणसं

सप्टेंबर २०२३. डब्लिनमधल्या आमच्या टीमच्या टेस्टरने रविवारच्या डिप्लॉयमेंटला सरळ नकार दिला. का, तर मॅच आहे! मला वाटलं बघायला जायचंय. नाही, खेळायचीय. पस्तिशीचा गडी, आणि म्हणे ज्युनिअर गटात खेळतो. (ज्युनिअर ही इथे वयाची नाही, दर्जाची पायरी असते. हे मला नंतर कळलं.)

झालं, डिप्लॉयमेंट शनिवारीच उरकलं आणि मीही त्याच्याबरोबर टिपरेरीला गेलो.

खेळ हर्लिंगचा. ॲशच्या लाकडाची चपट्या टोकाची काठी, चामड्याचा छोटा चेंडू. आडव्या दांडीवरून मारला तर एक पॉइंट, खाली जाळ्यात घातला तर गोल, म्हणजे तीन. म्हणून स्कोअर १-१२ असा लिहितात. मी मनात बेरीज करेपर्यंत पुढचा पॉइंट झालेला असायचा!

हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल चालवणारी संघटना १८८४ साली ह्याच टिपरेरीतल्या थर्लसमध्ये सुरू झाली. खेळायचे पैसे आजही कोणाला मिळत नाहीत. क्लब साधारण एका पॅरिशचा, आपल्याकडचं गाव आणि आजूबाजूच्या वाड्या म्हणा ना. जिथे वाढलात तिथूनच खेळायचं. काउंटी जिंकली की प्रांत, मग ऑल-आयर्लंड, फायनल थेट क्रोक पार्कवर. तिथेच जानेवारी २०२३ मध्ये क्लब फुटबॉलच्या फायनलला शेवटच्या क्षणी किलमकड क्रोक्सचे पंधरापेक्षा जास्त खेळाडू मैदानात होते. इतक्या मोठ्या मॅचमध्ये मोजणीचा बग! पुन्हा मॅच घ्यायचा आदेश निघाला, अपील झालं, शेवटी हरलेल्या ग्लेननेच माघार घेतली.

आमच्या टेस्टरच्या क्लबचा प्रॉब्लेम बरोब्बर उलटा. पंधरा भरतच नव्हते. तिघं सिडनीला, दोघं टोरांटोला. गोलात बेचाळीस वर्षांचा एक काका, कोपऱ्यात नुकतंच मिसरूड फुटलेला त्याचा पोरगा. पुढच्या वर्षी शेजारच्या गावाशी टीम एकत्र करायची चर्चा चालू होती. म्हणजे ज्यांना हरवण्यात हयात गेली, त्यांच्याशीच!

दोन पॉइंटनी हरले.

परतताना बराच वेळ तो गप्प. मग म्हणाला, "तुमच्या गावाला टीम आहे?"

"होती. कबड्डीची."

"मग?"

"आम्ही सगळे पुण्याला गेलो."

तो काही बोलला नाही. सोमवारी सुजलेल्या बोटाने त्याने माझ्या नावावर चार बग टाकले.