मिरजेचा शिकलगार सापडला!

बसा! नाही, उभ्या उभ्याच ऐका, मलाच बसवत नाहीये! मला फरीदसाहेब सापडलेत! मिरजेचे फरीदसाहेब शिकलगार! तुम्हाला आधीपासून माहीत असतील तर कमाल आहे तुमची, इतकी वर्षं गप्प कसे राहिलात?

आधीच सांगते, मला गाण्यातलं काही कळत नाही. यमन कुठला आणि भूप कुठला, विचारू नका. ऐरोलीत आमच्या सेक्टरात एका बाईंचा गाण्याचा क्लास आहे, तिथे भाचीला सोडायचं आणि भाजी घेऊन परत यायचं, एवढाच माझा संगीताशी संबंध. पण त्या दिवशी बाईंकडे मिरजेहून कारागीर आले होते. तंबोऱ्याची जवारी बिघडली होती म्हणे. जवारी! हा शब्द मी धान्यात ऐकलेला! बाई म्हणाल्या, थांबा, बघा तर खरं. आणि मी थांबले, आणि मग भाजी राहिली, स्वयंपाक राहिला, सगळंच राहिलं!

कारागीर काकांनी चटईवर फडकं पसरलं. त्यावर कानस, छोटी पटाशी, सुताची गुंडी. तारा सैल करून बाजूला सारल्या आणि घोडीच्या पाठीवर कानस फिरवायला लागले. घोडी म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती चपटी पट्टी. मला वाटलं होतं ती सपाट असते. नसते हो! तिला पोट असतं! इतका हलका उतार, की डोळ्याला दिसत नाही, बोटाला जेमतेम लागतो! काका दोनदा कानस फिरवायचे, पांढरी भुकटी फुंकायचे, बोट फिरवायचे, तार परत जागेवर आणून छेडायचे, मान हलवायचे. "अजून बंद आहे." परत कानस. परत फुंकर. परत "बंद आहे." आणि मग त्यांनी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक तुकडा सरकवला, साधा शिवणाचा असतो तसा, आणि तो नखानं मागे ढकलला, थोडा पुढे आणला, आणखी केसभर पुढे, आणि मग...

अहो, खोली भरून गेली! एका तारेतून! मघाशी नुसतं "टण्" वाजणारी तार आता संपेचना, आतून आणखी सूर निघताहेत, वर कुठेतरी बारीक झुंईंग झुंईंग चाललंय, आणि काका म्हणतात, "आता उघडली बघा की!" माझ्या अंगावर काटा! कशामुळे? दोऱ्यामुळे! दोऱ्यामुळे!!

घरी येऊन वाचत सुटले. तर कोण भेटावं? सी. व्ही. रामन! आपले नोबेलवाले रामन! 1921 मध्ये त्यांनी तंबोरा आणि वीणेवर शोधनिबंध लिहिला होता. तार जिथे छेडतो तिथे ज्या उपस्वरांचा निस्पंद बिंदू, म्हणजे न हलणारी जागा, पडतो, ते उपस्वर नियमाप्रमाणे ऐकूच यायला नकोत, आणि तंबोऱ्यात ते खणखणीत ऐकू येतात! का? तर त्या बाकदार घोडीमुळे आणि त्या दोऱ्यामुळे! भौतिकशास्त्र मला दहावीपुरतंच कळतं, पण कानशीच्या टोकावर जे चाललेलं मी बघितलं त्यावर रामन यांनी निबंध लिहावा, म्हणजे काय!

आता फरीदसाहेब. काकांना मी विचारलं, मिरजेतच का हो हे सगळं? चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, "फरीदसाहेब. आमच्या गल्लीत पहिलं नाव त्यांचंच." शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे, तलवारी-भाले घासून झळझळीत करणारे. एकोणिसाव्या शतकाचा मध्य, पटवर्धनांचं संस्थान, इंग्रजांचा अंमल, आणि तलवारीला गिऱ्हाईक उरलेलं नाही! धंदा बसला! घरात खाणारी तोंडं असणारच ना! मी हाच विचार करत बसले. दुसऱ्या कुणी हात टेकले असते. फरीदसाहेबांनी, आणि त्यांच्याबरोबर मोईनुद्दीन यांनी, तंबोरे आणि सतारी हातात घेतल्या. आधी दुरुस्ती, मग घडवणं. संस्थानिकांनी पाठबळ दिलं आणि मिरजेत एक अख्खा व्यवसाय उभा राहिला. तलवारीचा तंबोरा झाला!

आणि इथे मला एक सुचलंय, ते माझंच आहे, कुठल्या पुस्तकातलं नाही. जवारी काढणं म्हणजे शेवटी काय? घासणं! पृष्ठभाग बोटानं जोखत जोखत केसभर उतार देणं! आणि शिकलगाराला जन्मभर दुसरं काय येतं? पात्याचा उतारच ना! म्हणजे फरीदसाहेबांनी धंदा बदलला पण हात तोच राहिला! मला हे इतकं पटलंय की मी रस्त्यात लोकांना थांबवून सांगतेय!

बरं, तंबोऱ्याचा तो मोठा गोल भाग भोपळा असतो हे तुम्हाला माहीत होतं? खरा भोपळा! शेतात वेलावर लागतो तो! कडू जातीचा, मंगळवेढा-पंढरपूर भागातून येणारा. वेलावर पुरता जून होऊ देतात, वाळवतात. मग कारागीर तो पाण्यात भिजवून मऊ करतात, कापतात, आतला गर खरवडतात, तोंड आवळू नये म्हणून आत काठ्या लावून पुन्हा वाळवतात. त्यावर तुणाच्या लाकडाची दांडी, तबली, खुंट्या, चपड्याचं पॉलिश. आणि तारेत ओवलेले ते इवले मणी! ते शोभेचे नाहीत! खुंटी पिळून सूर जवळ आणायचा आणि उरलेला कणभर फरक मणी सरकवून मिळवायचा! काका म्हणाले, "शाळा सुटली की आम्ही पोरं पॉलिश घासायला बसायचो. कानस हातात मिळायला वर्षं गेली." वर्षं! कानस नुसती हातात मिळायला!

आणि मिरजेला आलं कोण कोण! गवई बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तिथे होते. कुरुंदवाडचा एक मुलगा, फटाक्यानं डोळे अधू झालेला, उपचाराला मिरजेत आला आणि बुवांचा शिष्य झाला, तेच विष्णु दिगंबर पलुस्कर, ज्यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं! अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. त्यांना स्वतःलाही वाद्यं दुरुस्त करता यायची! 1937 मध्ये ते दक्षिणेत प्रवासात वारले, पण दफन मिरजेत, मीरासाहेबांच्या दर्ग्यात. अजूनही उरुसात दर्ग्यातल्या चिंचेखाली गवई येऊन हजेरी लावतात. या सगळ्यांची चरित्रं आहेत, तसबिरी आहेत, पुण्यतिथ्या आहेत. असायलाच हव्यात! पण यांच्यासारख्या गवयांच्या मागे जो सूर धरला जातो, तो धरणारी घोडी घासणारा माणूस? फरीदसाहेबांचा फोटो मी शोधला. मला नाही मिळाला. एवढंच सापडतं की होते, हत्यारं घासायचे, मग वाद्यं करायला लागले, आणि कसब पुढच्या पिढ्यांच्या हातात गेलं. मला याचं फार वाईट वाटतं, खरंच वाटतं. पण मग त्यांच्या कामाचा पुरावा बघा ना! मिरजेत अख्खी सतारमेकर गल्ली आहे, आडनावंच सतारमेकर पडली आहेत! 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं! मी तेव्हा कुठे होते? इथेच, ऐरोलीत, आणि मला पत्ता नाही!

आता काय सवय लागली माहितेय? यूट्यूबवर मैफल लावते आणि गवयाकडे बघतच नाही! मागे बसलेल्या तंबोऱ्यांकडे बघते. चार तारा, एक पंचम, दोन जोड, एक खर्ज. कान देऊन दोरा शोधते! दिसत नाही, पण वाजतो तोच! भाचीलाही लावलंय वेड. तिचा तंबोरा ॲपमधला आहे, मोबाइलवर वाजतो, त्यात दोरा सरकवता येत नाही म्हणून ती रुसलीय!

तर आता ठरलंय. ऐरोलीहून ठाणे, तिथून कल्याण, आणि कल्याणला रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडली की पहाटे मिरज. काकांनी सांगितलंय, सकाळी लवकर या, ऊन चढायच्या आत जवारीचं काम चालतं, तेव्हा कान ताजा असतो. दोघींचं तिकीट काढते आहे, तिसरं तुमचं काढू का? लवकर सांगा, स्लीपरची वेटिंग वाढत चाललीय!