मनोगत कोणाचं?

बोरी अरब, ता. दारव्हा

चि. रेवतीस,


तू पाठवलेली पानं मोबाईलवर मिळाली. आपल्या बोरीच्या त्या पोरीच्या वहीचे फोटो आणि त्यावरून तू रात्रभर जागून तयार केलेलं शिष्यवृत्तीचं मनोगत, दोन्ही वाचली. तू विचारलंस एवढंच, की मामा, शुद्धलेखन तेवढं पाहून द्या. पण वाचून डोकं असं तापलं, की ऱ्हस्व-दीर्घाकडे लक्षच जाईना.

पोरीनं वहीत काय लिहिलंय ते तू नीट वाचलंस का? ‘बाबा फवारून आले की कपड्यांसकट न्हाणीत जायचे आणि आई आम्हाले जवळ जाऊ देत नसे. त्या वर्षी बाबा दवाखान्यात होते, तवा मजुरांच्या हजेरीची वही मी लिहिली, मी पाचवीत होती. कोणाचे किती राहिले हे आई मलाच विचारे. तिथून हिशेबाची गोडी लागली.’ एवढं साधं, आणि तिला अर्थशास्त्र का शिकायचंय ते त्यात सगळं आलं. 2017 चा तो हंगाम गं. आपल्या जिल्ह्यात फवारणीनं शेकडो लोकांना विषबाधा झाली, 20 च्या आसपास माणसं गेली. तू तेव्हा पुण्यात होतीस, पेपरात वाचलं असशील.

आणि तुझ्या मसुद्यात काय आहे? ‘ग्रामीण भागातील प्रतिकूल परिस्थितीशी झुंज देत मी ज्ञानाची कास धरली.’ अगं बाई, ही कास आजवर किती जणींनी धरली! हे वाक्य नंदुरबारच्या पोरीला चालेल, गडचिरोलीच्याही चालेल. मसुद्यातून फवारणी गेली, हजेरीची वही गेली, आईही गेली. निवड करणाऱ्यांच्या टेबलावर अशा शंभर कासा पडलेल्या असतात.

दिवाळीत ओसरीवर बसून तूच मला तुमच्या कॉलेजातल्या लेखन केंद्राच्या गोष्टी सांगत होतीस. विद्यार्थ्याच्या कागदाला आपण हात लावायचा नाही, पेन्सिल त्याच्याच हाती ठेवायची, आपण फक्त विचारायचं. स्टीफन नॉर्थ नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाचा 1984 चा लेखही तू मला समजावून सांगितलास. लेख सुधारणं हे आपलं काम नव्हे, लिहिणारा सुधारला पाहिजे, असा त्याचा मथितार्थ. मला पटला होता तो. मग पुण्याच्या पोरांना प्रश्न आणि आमच्या बोरीच्या पोरीला आयतं उत्तर, हा कुठला न्याय? तिला जमणार नाही हे तू मनात आधीच ठरवून टाकलंस. दया आली तुला. तिच्या घरची हकिगत तुला ठाऊक आहे, दया येणारच. पण तिच्या जागी तुझ्या वर्गातला कोथरूडचा मुलगा असता तर तू रात्रभर जागली असतीस का?

आता लगेच दुसऱ्या टोकाला जाऊ नकोस, तुझी ती जुनी खोड आहे. नुसते प्रश्न विचारत हात बांधून बसणं हाही अन्यायच. मनोगतात काय अपेक्षित असतं, सुरुवात कुठून करावी, ‘मी लहानपणापासूनच’ हे शब्द पाहून वाचणारा का कंटाळतो, हे शिकलेल्या घरातल्या मुलांना जेवताना कानावर पडतं. हिच्या घरी कोण सांगणार? लिसा डेल्पिट या कृष्णवर्णीय शिक्षिकेनं 1988 साली हेच भांडण मांडलं होतं. सत्तेच्या जागी चालणारे नियम ज्यांना घरून मिळत नाहीत, त्यांना ते स्पष्ट सांगितलेच पाहिजेत. मूल आपोआप शोधून काढेल म्हणून गप्प बसणं हे गरिबाच्या लेकराला महागात पडतं. तेव्हा नियम सांग, ठणकावून सांग. प्रमाण मराठीत ‘मी होते’ लिहावं लागेल हेही सांग. पण ते लिहू दे तिलाच.

शुद्ध-अशुद्धाची काठी कोणाच्या पाठीत बसते हे आपल्याला नवं नाही. निबंधमालेत चिपळूणकरांनी जोतीराव फुल्यांच्या व्याकरणाची टर उडवली, म्हणून जोतीरावांचं म्हणणं खोटं ठरलं का? फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे तर जेमतेम चौदा वर्षांची. 1855 मध्ये मांग-महारांच्या दुःखावरचा तिचा निबंध ‘ज्ञानोदय’नं छापला. आजही वाचताना राग तिचाच जाणवतो, कोणा मोठ्या माणसाचा हात मधे आलेला वाटत नाही. आणि इतक्या लांब कशाला जायचं? 2019 च्या जानेवारीत यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन राजूरच्या वैशाली येडे यांनी केलं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची बायको, साध्या घरच्या भाषेत बोलल्या. त्यांचं भाषण एखाद्या प्राध्यापकानं ‘सुधारून’ दिलं असतं तर?

पस्तीस वर्षं मराठी शिकवलं, त्यात सगळ्यात जास्त जीव जाळला तो तयार निबंधांच्या गाईडांनी. ज्याच्या बापाची पऱ्हाटी बोंडअळीनं खाल्ली तो पोरगा ‘शेतकऱ्याचे आत्मवृत्त’ लिहिताना हिरवीगार शेतं वाऱ्यावर डोलवायचा. पाठच असायचं. मार्कही मिळायचे, कारण तपासणाऱ्यानंही तेच गाईड वाचलेलं! तांड्यावरची लेकरं तर घरी गोरबोली बोलतात, शाळेत आमची वऱ्हाडी ऐकतात आणि पेपरात पुस्तकी मराठी लिहितात. तीन उंबरे ओलांडून आलेल्या मुलाला आपण पहिलं काय दाखवतो, तर लाल शाई. असो, हा विषय निघाला की तुझी मामी उठून आत जाते.

यवतमाळातच राजू केंद्रेंनी सुरू केलेल्या ‘एकलव्य’चं काम पाहून ये एकदा. घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणाऱ्या मुलांच्या पाठीशी त्याच वाटेनं आधी गेलेली मुलं उभी राहतात. केंद्रे स्वतः तसेच शिकत शिकत चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला गेले. हे एकट्यानं एका रात्रीत उरकण्याचं काम नाही, एवढं तरी तिथे कळेल. तुझं तर असं, की ज्याच्याकडे तुझा नंबर त्याचं भलं. तो नंबर नसलेल्या लाडखेडच्या पोरीनं कोणाला फोन करायचा?

मला खरी धास्ती मुलाखतीची आहे. ‘ज्ञानाची कास म्हणजे नेमकं काय केलंत?’ असं कोणी विचारलं तर ती काय सांगेल? मान खाली घालेल. निवड झालीच, तरी जन्मभर मनात राहील, की माझं लिहिलेलं चालण्यासारखं नव्हतं, ताईचं चाललं. तुझा मसुदा तिनं अजून पाहिला नसेल अशी आशा आहे. पाहिला असेल तर काय करायचं, ते मला खरंच सुचत नाही.

मुदत महिनाअखेरची आहे, म्हणजे वेळ आहे. उद्याच तिला फोन कर. हजेरीच्या वहीबद्दल विचार आणि ती बोलेल ते तिलाच लिहून काढायला सांग. रविवारी तिला माझ्याकडे पाठव. शुद्धलेखन आम्ही दोघं मिळून पाहू.

तुझा,
मामा