गाळलेली वर्षं

कादंबरी लिहायची आहे, पण विषय सुचत नाही, असं सांगणारी तरुण मुलं-मुली भेटली की मला त्यांच्याविषयी आपुलकी वाटते. लिहिण्याची ओढ आधी लागते आणि कशाविषयी लिहायचं ते मागाहून उमगतं, असं अनेकांचं होतं. त्यांना वाटतं, विषय म्हणजे काहीतरी मोठं घडायला हवं. खून, महापूर, परागंदा झालेला भाऊ, वाड्यातलं गुपित. पण घटनांना तोटा कुठे आहे? वर्तमानपत्राच्या एका पानावर दहा कादंबऱ्यांना पुरेल एवढा ऐवज रोज येतो आणि दुपारपर्यंत त्याची रद्दी होते. घटना हाताशी असून कादंबरी सुरू होत नाही, याचा अर्थ तिचं बीज दुसरीकडे कुठेतरी असतं.

लिहिताना आणि त्याहून जास्त वाचताना मला हळूहळू पटत गेलं आहे की, हकिगत सांगताना सांगणारा जी वर्षं गाळतो, त्या वर्षांत कादंबरी असते.

माझी आत्या गोष्ट सांगण्यात वाकबगार. दापोलीकडच्या तिच्या घरी मागच्या पडवीत ती तांदूळ निवडत बसायची आणि हात चालू ठेवून साऱ्या वाडीचा इतिहास सांगायची. असंच एकदा तिनं वाडीतल्या एका बाईविषयी सांगितलं. नवरा मुंबईला गिरणीत. दर महिन्याला मनिऑर्डर यायची. मग गिरण्यांचा संप झाला. कितीतरी जण बिऱ्हाड मोडून गावी परतले, हा परतला नाही. पावसाळ्याच्या तोंडावर मनिऑर्डर यायची थांबली.

"मग पुढं?" मी विचारलं.

"पुढं काय, अगो? पोरं वाढवलीन तिनं. थोरला एसटीत लागला. धाकटीचं लग्न केलंन." आत्यानं सुपातला खडा उचलून अंगणात टाकला आणि शेजारच्या घराची गोष्ट सुरू केली.

तिच्या बाजूनं ते बरोबरच होतं. तोंडी सांगायच्या गोष्टीला पुढे सरकावं लागतं. मी मात्र तिथेच अडकून राहिले. इतिहासाच्या पुस्तकात त्या संपाची तारीख सापडते: 18 जानेवारी 1982. गिरणगावातले सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही, हेही तिथे कळतं. पण दापोलीच्या त्या घरात संप पोचला तो जूनमधल्या एखाद्या सकाळी, पोस्टमन दारावरून न थांबता पुढे गेला तेव्हा. त्या सकाळी तिनं काय केलं? पोस्टमनला हाक मारली, की त्यानं आपल्याकडे पाहू नये म्हणून ती आत वळली? दुकानदारानं उधारीच्या वहीत तिच्या नावापुढे लिहायचं कधी बंद केलं? सासूला तिनं काय सांगितलं, आणि किती दिवसांनी?

पुढे आत्याबरोबर त्या बाईच्या, म्हणजे मावशींच्या घरी जाण्याचा योग आला. दाराच्या मागे खिळ्याला एक तार टांगलेली होती. जुन्या घरांतून पावत्या, पत्रं अशीच तारेत टोचून ठेवत. हिच्यात मनिऑर्डरींचे खालचे तुकडे होते. पैसे मोजून देऊन, सही नाहीतर अंगठा घेऊन पोस्टमन हा तुकडा फाडून हातात ठेवी. पाठवणाऱ्याला चार ओळी लिहायला त्यावर जागा असे. नवा कागद वरून टोचायचा, म्हणून सर्वांत जुना तळाशी. मावशींच्या परवानगीनं मी ते तुकडे पाहिले. तळाचे स्वच्छ वाचता येत होते: पैसे पाठवले आहेत, पोचल्याचे कळवणे, मुलांना जपणे. वर वर येत जावं तशी अक्षरं पुसट होत गेली होती. सगळ्यांत वरचा, म्हणजे शेवटचा तुकडा चुलीच्या धुरानं इतका तपकिरी झाला होता की त्यावर काहीच लागत नव्हतं.

आणि त्याच्या शेजारी दुसरा खिळा होता, दुसरी तार होती. विजेची बिलं, शाळेच्या फीच्या पावत्या तिच्यात. म्हणजे शेवटच्या मनिऑर्डरीवर दुसरा कुठलाही कागद टोचायचा नाही, असं या बाईनं कधीतरी ठरवलं होतं. तो खिळा तिनं स्वतः ठोकला असणार. हे ठरवणं आत्याच्या गोष्टीत नव्हतं आणि संपाच्या इतिहासातही नव्हतं. ते माझ्या मनात जे रुजलं ते आजतागायत.

बीज मिळालं म्हणून कादंबरी मिळत नाही. गाळलेल्या वर्षांत शिरायचं तर तिथलं जगणं ठाऊक हवं. भाजावळ कधी करतात, तरवा कधी पेरतात, लावणीला दुसऱ्याच्या शेतात दिवसभर वाकलं तर संध्याकाळी हातावर काय पडतं, वैशाखात काजूच्या बिया वेचायला पहाटे कुठल्या डोंगरावर जावं लागतं, हे विचारून, पाहून, शक्य तेवढं करून घ्यावं लागतं. कल्पनाशक्तीविषयी लोक असं बोलतात की जणू ती माहिती संपल्यावर सुरू होते. माझा अनुभव असा की माहिती जितकी बारीक, तितकी कल्पना निर्धास्त चालते. एका लावणीची मजुरी कळली की त्या घरातली रात्रीची भाकरी दिसू लागते आणि ती कुणाच्या ताटात कमी पडली तेही दिसू लागतं.

आपल्याकडे हे काम थोरांनी करून ठेवलं आहे. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचा मान आहे, ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' 1857 सालची. यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते आणि वाटेत ठिकठिकाणच्या विधवांची दुःखं तिच्या कानी येतात. म्हणजे आपल्या कादंबरीनं पहिलं पाऊल टाकलं तेच मुळी दुसऱ्याची हकिगत ऐकायला थांबून. पुढे हरिभाऊ आपट्यांनी 1890 मध्ये सुरू झालेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः लिहिली. त्या कादंबरीच्या नायिकेसारख्या, घराघरांतल्या यमूंची आयुष्यं तोवर दोन वाक्यांत सांगून संपत होती: लग्न झालं, नवरा गेला. हरिभाऊंनी त्या दोन वाक्यांच्या मधला सारा काळ यमूच्याच तोंडून सांगितला. आठवड्यामागून आठवडा एका बाईच्या आयुष्यात राहायला जाणं हे कादंबरीकार होणंच आहे. 

उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधली कौतिक घ्या. कर्तबगारी नसलेला नवरा, गरिबी, आणि संसार रेटणारी बाई. गावात ही गोष्ट पाराजवळून जाता जाता सांगून होईल. शेळक्यांनी 1960 साली ती वऱ्हाडी बोलीसकट दिवसादिवसानं मांडली आणि वाचकाला कौतिकच्या घरातून बाहेर पडू दिलं नाही. श्री. ना. पेंडसे मूळचे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. लहानपणीच मुंबईत आले, 'बेस्ट'मध्ये नोकरी केली, आणि शहरात राहून आयुष्यभर ते हर्णैच्या परिसरातली माणसं लिहीत राहिले. 1962 च्या 'रथचक्र'मध्ये नवरा घर सोडून गेलेली, मुलांच्या शिक्षणासाठी झगडणारी स्त्री आहे. माझ्या आत्यानं दोन-तीन वाक्यांत ओलांडलेली वर्षं पेंडशांनी तिथल्याच मातीत पाय रोवून पानापानानं चालून दाखवली.

मालतीबाई बेडेकरांचं उदाहरण तर मला फार मोलाचं वाटतं. ब्रिटिश सरकारनं 1871 च्या कायद्यानं काही जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि पुढे त्यांना तारेच्या कुंपणाआड वसाहती करून ठेवलं. सोलापूरच्या अशा सेटलमेंटमध्ये मालतीबाईंनी काम केलं. विभावरी शिरूरकर या नावानं त्यांची 'बळी' आली ती 1950 मध्ये, म्हणजे तो कायदा देशभरातून अजून रद्द झाला नव्हता तेव्हा. सरकारी दप्तरात त्या माणसांची हजेरी लागत होती. दोन हजेऱ्यांच्या मधलं त्यांचं आयुष्य मात्र कादंबरीत आलं.

दुसऱ्याच्या आयुष्यात शिरताना जबाबदारी येते. मावशींनी मला तारेला हात लावू दिला, याचा अर्थ ती तार माझी झाली असा होत नाही. नाव, गाव, ओळख बदलणं ही किमान सभ्यता झाली. त्यापुढची अट अशी की, त्या बाईला दयेचा विषय करायचा नाही. तिच्याकडे वेगळा खिळा ठोकण्याइतकं स्वतःचं मन होतं. कादंबरीत ते मन आलं नाही तर बाकीचे सगळे तपशील कितीही खरे असोत, लिखाण खोटं ठरेल. म्हणून मी लिहिताना प्रत्येक पानाला हेच विचारते: या माणसानं हे वाचलं तर त्याला आपण इथे दिसू का?

विषय शोधणाऱ्यांना मी म्हणेन, आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा आणि ती जिथे झपाट्यानं पुढे जातात तिथे त्यांना थांबवा. घराबाहेरही पाहा. बीडकडची जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघतात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल किती घेतली आणि किती फिटली, एवढं त्या वहीत असतं. फडात पहाटे काय घडलं, गावी आजीजवळ ठेवलेल्या मुलानं ते सहा महिने कसे घालवले, हे वहीत कुठून असणार? गिरणगावात एकट्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांची आयुष्यं अशीच, त्यांच्या हातचं जेवलेल्यांनीही अर्ध्या वाक्यात सांगितलेली. अशी माणसं आपल्या साहित्यात आली आहेत, पण त्यांची संख्या आणि त्यांच्यावर लिहिलेली पानं यांचा मेळ अजून फार लांब आहे. त्या फडावर वाढलेली एखादी मुलगी आज कुठल्या तरी वसतिगृहात वही उघडून बसली असेल आणि आपल्याकडे लिहिण्यासारखं काही नाही असं तिला वाटत असेल. तिला मला ठामपणे सांगायचं आहे की, मुकादमाची वही जिथे कोरी आहे, तिथे तुझी कादंबरी आहे. तिथलं तुला जे माहीत आहे ते दुसऱ्या कुणाला माहीत नाही. लिहायला घे, आणि लगेच संपवू नकोस.