कोंबडीची हद्द

‘शेजारधर्म’ हा शब्द आपण सहज वापरतो. परंतु हा धर्म शेजाऱ्याच्या घरातील माणसांपुरताच मर्यादित आहे, की त्याच्या कोंबड्यांपर्यंतही पोचतो, हा प्रश्न मला आमच्या वसाहतीत राहावयास गेल्यावर प्रथम पडला.

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी ही वसाहत आहे. गावठाणाला लागून असलेली शेते बिनशेती झाली, त्यांचे प्लॉट पडले आणि शिक्षक, बँकेतील कारकून, एस. टी.चे वाहक अशा मंडळींनी तेथे घरे बांधली. घरांना कुंपणे आली. कुंपणांच्या आत मोगरा, जास्वंद आणि मेथी-कोथिंबिरीचे वाफे आले. टोकाचे एक कौलारू घर मात्र जुनेच राहिले. तेथे एक वृद्ध बाई आपल्या नातीसह राहत. सारे त्यांना मावशी म्हणत. त्यांच्यापाशी पंधरा-वीस गावठी कोंबड्या आणि दोन कोंबडे होते. शिवाय डालग्याखाली झाकलेली पिले असत, ती वेगळीच.

मावशींचा हिशेब साधा होता. गावठी कोंबडी वर्षाकाठी पन्नास-साठच अंडी देते. मध्येच खुडूक होते आणि एकवीस दिवस अंड्यांवरून उठत नाही. पोल्ट्रीतील कोंबडी तिच्या पाचपट अंडी देते. पण पोल्ट्रीतल्या कोंबडीला दाणा विकत आणून घालावा लागतो. मावशींच्या कोंबड्या सकाळी खुराड्यातून सुटल्या की वाळवी, किडे, सांडलेली कणी वेचत आपले पोट आपणच भरीत. गावठी अंड्याला भावही अधिक. नातीच्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्यातूनच निघे. म्हणजे कोंबडीचे मोकळे हिंडणे ही हौस नव्हती. तेच या व्यवसायाचे भांडवल होते. ही गोष्ट कुंपणाआडच्या लोकांच्या ध्यानात येणे कठीण होते.

आणि कुंपणाआडच्या लोकांचेही काही चुकत नव्हते. पेरलेला वाफा कोंबडी घटकाभरात उकरून टाकते. धुतलेल्या पायरीवर विष्ठा पडते. आमच्या शेजारी एक निवृत्त तलाठी राहत. उभे आयुष्य बांध आणि हद्दी मोजण्यात गेलेला माणूस! त्यांनी एकदा मावशींना बजावले, “तुमची कोंबडी माझ्या हद्दीत येता कामा नये.” मावशी म्हणाल्या, “आण्णा, सातबारा मला कळतोय. कोंबडीला कसा कळंल?”

वाहकाची तक्रार अधिक गंभीर होती. ते शेवटची फेरी आटोपून रात्री दोनच्या सुमारास घरी येत. डोळा लागतो न लागतो तोच चार वाजता कोंबडा आरवे. “मावशी, निदान त्याला झाकून तरी ठेवा,” अशी त्यांची विनवणी असे. कोंबडे झाकल्याने उजाडायचे राहत नाही, असे आपली म्हण सांगते. झाकल्याने आरवायचेही राहत नाही, हे जपानमधील नागोया विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले. कोंबड्याच्या शरीरातच एक घड्याळ असते आणि बाहेरचा उजेड बदलला नाही तरी ते त्याला पहाटेची वेळ कळवते. दोन वर्षांनी त्यांनी असेही दाखविले, की कळपात जो वरचढ तोच आधी आरवतो, इतर त्याच्यामागून. वसाहतीच्या बैठकांतही मी याहून वेगळे काही पाहिले नाही.

अशाच एका बैठकीत कोणी म्हणाले, “कोंबड्या कोंडवाड्यात घाला.” तलाठ्यांनी नकारार्थी मान हलविली. गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा १८७१ चा. त्यातील ‘गुरां’मध्ये हत्ती येतो, उंट येतो, गाढव, डुक्कर, शेळीमेंढी येते, पण कोंबडी येत नाही! सरकारने हत्तीची सोय केली आणि कोंबडीला मोकळे सोडले, यावर सारे हसले. हसण्यावारी गेलेली ती शेवटचीच बैठक.

कारण फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आढळला. देशातील ती पहिलीच घटना. तेथील लाखो कोंबड्या मारून पुरण्यात आल्या. नवापूर आमच्यापासून कितीतरी दूर. पण भीतीला अंतर कळत नाही. चिकनची दुकाने ओस पडली. नीट शिजविलेल्या मांसाला वा अंड्याला धोका नाही, हे सरकार वारंवार सांगत होते, तरी मावशींची अंडी घरात पडून राहू लागली.

त्यातच मे महिन्यात त्यांच्या चार कोंबड्या दोन दिवसांत मेल्या. मावशींना वाटले, कोणीतरी दाण्यातून विष घातले. त्यांनी कोणाचे नाव घेतले नाही, पण तलाठ्यांच्या घराकडे पाहणे सोडले. वसाहतीला वाटले, तो रोग आपल्या दारात आला. पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टर आले आणि नमुने घेऊन गेले. अहवाल येईपर्यंतचे आठ दिवस मला अजून आठवतात. मुलांना अंगणात जाऊ देत नसत. मावशींची नात नळावर आली की बायका घागरी उचलून बाजूला होत. अहवाल प्रतिकूल आला असता, तर परिसरातील सर्व कोंबड्या मारल्या गेल्या असत्या.

बर्ड फ्लू नव्हता, विषही नव्हते. तो मानमोडीचा रोग होता. ज्याला इंग्रज अमदानीपासून राणीखेत म्हणतात, तो. माना वाकड्या झालेल्या, हिरवट विष्ठा. मावशींनी हे पाहिले होते, पण सांगणार कोणाला? मानमोडीवर औषध नाही. आहे ती फक्त लस. तिची कुपी निघते शंभर मात्रांची, आणि एकदा कालवली की ती थोड्या वेळात संपवावी लागते. वीस कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? अखेर गावठाणातील आठ-दहा घरांच्या कोंबड्या एकत्र आणण्याचे ठरले. लस बर्फात घालून साताऱ्याहून आणली ती त्या वाहकानेच.

त्यानंतर तोडगा निघाला. कोंबड्या दुपारी चारनंतर सोडावयाच्या. एकच कोंबडा ठेवावयाचा, तोही रात्री मागच्या भिंतीआड. तलाठ्यांनी वाफ्यांना जाळी लावावयाची. सर्वांनी त्याला समंजस तोडगा म्हटले. मला तो पुरता न्याय्य वाटला नाही, आजही वाटत नाही. जाळीचा खर्च एकदाच झाला. दिवसभर कोंडलेल्या कोंबड्यांना दाणा मात्र रोज लागू लागला, आणि तो मावशींनाच घ्यावा लागला. त्यांनी सात कोंबड्या आणि एक कोंबडा आठवड्याच्या बाजारात विकला व त्या पैशांतून मक्याच्या भरड्याचे पोते आणले. वाहक त्या महिन्यापासून त्यांच्याकडून आठवड्याला डझनभर अंडी घेऊ लागले. भाव मावशी सांगतील तो.