नववा स्टड

यंत्र बिघडले की माणसावर नव्हे, यंत्रावर डोळा ठेवावा, असे आम्ही कारखान्यात ३४ वर्षे उमेदवारांना शिकवीत आलो. आम्ही फिटर होतो. म्हणूनच २०२२ च्या मे महिन्यात धाकट्या मुलाने तयार संगणक न घेता सुटे भाग आणून घरीच जुळवण्याचा बेत सांगितला, तेव्हा सौभाग्यवतींच्या कपाळाला आठ्या पडल्या तरी आम्ही मनातून सुखावलो. त्याने अभियांत्रिकीचे शिक्षण दुसऱ्या वर्षी सोडले होते आणि ते शल्य आमच्या मनातून गेले नव्हते. आता लग्नाची चित्रफीत संपादित करण्याचे पहिले काम त्याला मिळाले होते.

वसईहून निघून आम्ही दोघे ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानातून मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस, कॅबिनेट असा सारा संसार घेऊन आलो. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून जुळणी सुरू झाली. ज्यांच्यावर बोर्ड बसतो ते पितळी स्टड कॅबिनेटच्या पत्र्यात आवळण्याचे काम आम्ही मागून घेतले. पिशवीत नऊ होते; नऊही आवळले. हाती सुटा भाग उरणे हे कच्च्या कारागिराचे लक्षण!

रात्री बटण दाबले. पंख्याने किंचित मान हलवली आणि सारे गप्प. मागचा स्विच बंद-चालू करून पुन्हा दाबले, तेच.

“कॉलेजसारखे हेही अर्ध्यावरच!” आमच्या तोंडून निघून गेले. मुलगा काही बोलला नाही.

सकाळी आम्ही अंगणात जाऊन दुकानदाराला फोन लावला. खराब माल गळ्यात मारलात म्हणून पुष्कळ सुनावले. त्याने शांतपणे विचारले, “काका, बोर्डाखाली स्टड किती लावले?”

“नऊ. होते तेवढे.”

“या बोर्डाला आठ लागतात. बाहेर काढून बघा.”

आयुष्यभर फिटरकी केलेल्या माणसाला हा मोजायला शिकवतो! आम्ही फोन ठेवला आणि आत येऊन सांगितले की दुकानदार अंग झटकतो आहे.

संगणकाचे बटण दिव्याच्या बटणासारखे नसते, हे पुढील दोन दिवसांत मुलाकडून कळले. भिंतीत पिन असली की बंद संगणकातही एसएमपीएस बोर्डाला ५ व्होल्टचा बारीक पुरवठा करीत असतो. बटण केवळ बोर्डाला इशारा देते. मग बोर्ड हिरवी तार ग्राउंडशी जोडून एसएमपीएसला जागे करतो. कुठे शॉर्ट असेल तर एसएमपीएस क्षणात स्वतःला बंद करून घेतो. पंख्याचे मान हलवणे ते हेच असावे, असे मुलाचे म्हणणे. त्याने २४ पिनांचा प्लग बोर्डातून सोडवला, भिंतीतली पिन काढून पेपरक्लिपने त्या प्लगातील हिरवी व काळी तार जोडली आणि पिन पुन्हा लावली. एसएमपीएसचा पंखा फिरला. म्हणजे तो निर्दोष. (त्याचे झाकण मात्र कोणी उघडू नये, पिन काढल्यावरही आतले कपॅसिटर वीज धरून असतात.) रॅमच्या पट्ट्या आलटून पालटून झाल्या, तारा तपासून झाल्या. दर वेळी तो आमच्याकडे पाही आणि आम्ही म्हणत असू, “माल परत नेऊ.” लग्नघरून दोनदा फोन आला.

तिसऱ्या रात्री त्याने बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅमची एक पट्टी, एवढेच जोडले आणि बटणाच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचे टोक टेकवले. पंखा फिरला तो फिरतच राहिला. बाहेर चालतो, आत चालत नाही. मग दोष पत्र्याकडे. टॉर्च मारून पाहिले. बोर्डाला भोके आठ. नववा स्टड भोक नसलेल्या जागी बोर्डाच्या पाठीवरील सोल्डरला टेकून वीज थेट पत्र्यात उतरवीत होता.

“पप्पा, तुम्ही बसवले म्हणून मी मोजलेच नाहीत,” एवढे म्हणून त्याने पान्याने तो काढला आणि पुन्हा कामाला लागला.

चित्रफीत एक दिवस उशिरा पोहोचली. दुकानदाराची क्षमा आम्ही त्याच आठवड्यात मागितली, तीही अंगणात जाऊनच. त्या पहिल्या फोनविषयी मुलाला आजवर सांगितलेले नाही. हा अंक आमच्या घरी येतो, आणि तो आमच्याआधी चाळतो.