खूण आधीं, पाना मागून

आमच्या हुपरीस चांदीकाम घरोघर चालतें. मोटारदुरुस्तीचा धडाही आम्हांस एका चांदीकारागिराच्याच तोंडून मिळाला.

जुन्या मोटारीचा कॅमशाफ्ट झिजला, तेव्हां तो घरींच बदलण्याचें आम्हीं बंधूंनीं ठरविलें. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत हा दंड एक फेरी घेतो व झडपा उघडतो. हा मेळ चुकला, तर कित्येक एंजिनांत दट्ट्या झडपेवर आदळून ती वांकते. हें ठाऊक असूनही उतावळेपणानें आम्ही दंडावरील टोप्या सोडूं लागलों, तोंच शेजारचे आजोबा म्हणाले, “पोरांनो, खूण केलीसा काय? आमी पैंजणाच्या कड्यासुदिक वळीनं मांडतो.”

आम्ही वरमलों. बॅटरीची तार सोडली, एंजिन निवूं दिलें, दांतेरी चाकांच्या खुणा जुळवून साखळी उतरविली. मग सर्व बोल्ट पुस्तकांतील क्रमानें, थोडे थोडे सैल केले. स्प्रिंगांचा दाब एकाच बाजूस राहिल्यास दंड मोडूं शकतो. टोप्यांची अदलाबदल झाल्यास तो अडकतो, म्हणून त्या पाटावर ओळीनें मांडल्या. नवा दंड तेल लावून बसविला, बोल्ट नेमक्या बळानें टप्प्याटप्प्यानें आवळले. चावीस हात लावण्यापूर्वीं एंजिन हातानें दोन पूर्ण फेरे फिरविलें. कोठें अडलें नाहीं, खुणाही पुन्हां जुळल्या.

पुन्हां जोडतां येईल अशा रीतीनें सोडणें, हेंच खरें कसब. पुस्तकांच्या आमच्या घरांत तें कोणीं शिकविलें नव्हतें. मोटारीच्या पहिल्या फेरीस आजोबांना आम्हीं आग्रहानें पुढें बसविलें.