ॲमस्टरडॅमचे तीन तास आणि माझं खालचं वावर

खालच्या वावरात चर काढायचं डोक्यात कसं आलं, असं बरेच जण विचारतात. ते तळेगावात नाही, नेदरलँडच्या राजधानीत आलं. हसू नका.

कृषी विभागाच्या अभ्यास दौऱ्यात गेलो होतो. सप्टेंबर महिना. पॉलिहाऊस, गोठे सगळं पाहून झालं होतं. शेवटच्या दिवशी सकाळी साडेआठ ते साडेअकरा एवढाच वेळ ॲमस्टरडॅमसाठी होता. बस स्टेशनाजवळ थांबली. 1889 सालचं ते स्टेशन पाण्यात भर घालून केलेल्या बेटांवर, हजारो लाकडी खांब ठोकून उभं केलेलं. तिथून चालत डॅम चौक. समोरचा राजवाडा 13,659 खांबांवर उभा आहे, असं गाईडनं सांगितलं. लाकूड पूर्ण पाण्याखाली असलं तर शेकडो वर्षं टिकतं. भूजल खाली गेलं, खांबाचं डोकं उघडं पडलं, हवा लागली की बुरशी सडवते.

आमच्यासोबतचे वरुडचे काका म्हणाले, "म्हणजे यायले पाणी आटलं का घराची भीती. आपल्याले बोअरची."

तेवढ्यात घरून फोन. इकडं नऊ, तळेगावात साडेबारा. लहान भाऊ म्हणाला, "दादा, चार दिवसांची झड हाये. खालच्या वावरात पाणी साचलं. झाडाखाली संत्र्याचा सडा पडला."

आंबिया बहार होता. 110 झाडं, सगळी जंभेरी खुंटावरची, भारी काळी जमीन. पाणी साचलं की मुळं गुदमरतात, फायटोफ्थोरा शिरतो, हे शेतीशाळेत वहीत लिहून घेतलेलं. वही घरी होती, पाणी वावरात.

पुढचं अर्धं शहर मी पाहिलं, पण काही दिसलं नाही. अरुंद घरं, माथ्यावर सामान ओढायचे हूक, सायकलीच सायकली. सिंगेल कालव्यावर फुलांचा बाजार आहे. सगळ्यांनी ट्युलिपच्या कंदांसोबत फोटो काढले. माझ्या फोटोत मी मयतीला आल्यासारखा दिसतो. (कंद उचलून बॅगेत टाकू नका बरं, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट आणि आयात परवान्याशिवाय आणता येत नाही.)

मग महापालिकेच्या इमारतीत नेलं. तिथं काचेच्या तीन नळ्या उभ्या. दोनमध्ये समुद्राचं पाणी आत्ता किती आहे ते दिसतं. तिसरीत 1953 च्या पुराची पातळी, साडेचार मीटरच्या वर, माझ्या दुपटीहून उंच. त्या पुरात तिथं 1,836 माणसं गेली. खाली पितळी खूण आहे, तो ॲमस्टरडॅमचा शून्य. युरोपातले बरेच देश त्याच्यावरून उंची मोजतात. आणि शहरातल्या कालव्यांचं पाणी त्या शून्याच्या 40 सेंटिमीटर खाली धरून ठेवतात. सेंटिमीटर म्हणतो मी! आपण "गुडघाभर साचलं" म्हणतो आणि चहा पितो.

पाण्याचं हे काम करायला तिकडं वेगळी पाणी मंडळं आहेत, काही तेराव्या शतकापासूनची. लोक त्यांना कर देतात, मंडळ निवडून देतात. एकाच्या वावरातलं पाणी दुसऱ्याच्या वावरातून जाणारच, हे त्यांनी धरूनच ठेवलेलं.

माझी अडचण तिथंच होती. खालच्या वावराचं पाणी नाल्यात सोडायचं तर शेजाऱ्याच्या धुऱ्यातून काढावं लागतं. आणि आमचं तीन वर्षं बोलणं बंद. कारण सांगत नाही, चूक निम्मी माझी होती. बोअरसाठी चार ठिकाणी खड्डे केले, पाणी बाहेर काढायला एक फूट खणलं नव्हतं.

सव्वाअकराला स्टेशनाजवळ दोन पुडे घेतले. पातळ गोल वाफल, मधे पाकासारखा थर. एक घरच्यांसाठी.

घरी आलो त्या संध्याकाळी दुसरा पुडा घेऊन शेजाऱ्याच्या ओसरीवर गेलो. त्यानं खाट सरकवून दिली, बोलला काही नाही. मी फोनवरचा नळ्यांचा फोटो दाखवला, पाण्याचं सांगितलं. त्यानं एक वाफल खाल्लं, दुसरं नातवाला दिलं.

"गोड हाये," तो म्हणाला, "पण दाताले चिपकते."

मग बऱ्याच वेळानं, "धुरा कुठून फोडतं?"

दसऱ्यानंतर जमीन वाळल्यावर जेसीबी लावला. दर दोन ओळींनंतर उताराला अडीच फुटांचा चर, शेवटी त्याच्या धुऱ्यातून पाइप टाकून नाल्यात. पाइपचा खर्च माझा, तोंड दरवर्षी साफ करायचं काम दोघांचं. तोवर 31 झाडं गेली होती. त्या जागी रंगपूर लिंबू खुंटावरची कलमं लावली, खुंटाला बोर्डो पेस्ट लावून. ती यंदा कमरेएवढी आहेत.